पान उलटायची जागा

बकुळा मर्चंडेला खुर्चीत बसून टाइप करताना मी उभ्या आयुष्यात चारदा पाहिलं असेल. ठाकूरद्वारला एका वाडीच्या जिन्याखाली तिचं दुकान आहे. आत एक टेबल, एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर, भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर आणि एक खुर्ची. ती खुर्ची गिऱ्हाइकाची. बकुळा उभ्याने टाइप करते. डावा पाय उजव्या पोटरीवर घासते, मध्येच रस्त्यावर डोकावून येते, चहाचा ग्लास अर्धा ठेवते आणि तासाभराने तोच थंड चहा एका घोटात संपवते. "अगं, जरा टेक की," म्हटलं तर उत्तर ठरलेलं. "बसले की झोप येते, अण्णा. झोप आली की चुका होतात."

वय सत्तावन्न. वडील परळच्या एका गिरणीत साचाखात्यात होते. गिरणी गेली, चाळ राहिली, आणि बकुळा त्याच चाळीतून रोज सकाळी बसने येते. लग्न केलं नाही. भावाच्या मुलाला, धम्मपालला, तिनेच शिकवलं. तो आता एका कॉलेजात कॉम्प्युटरची लॅब सांभाळतो. ती माझ्यापेक्षा एकोणीस वर्षांनी लहान, म्हणून मी तिला अगं-तुगं करतो. बाकी आमचं सगळं मंडळ तिला ताई म्हणतं.

मंडळ म्हणजे लालबागचं आमचं हौशी नाट्यमंडळ. मी त्यात चाळीस वर्षं कामं केली. हवालदार झालो, मुकादम झालो, राजा झालो, दोनदा प्रेतसुद्धा झालो. गुडघे गेले तेव्हा रंगमंच सुटला, आणि मी विंगेतल्या स्टुलावर आलो. आता मी प्रॉम्प्टर. नट वाक्य विसरला की ते अंधारातून त्याच्या कानात घालायचं आणि प्रेक्षकांच्या कानात जाऊ द्यायचं नाही, एवढंच काम. त्यासाठी हातात नाटकाची जी प्रत लागते, ती बकुळा करते.

सत्त्याण्णव साली तिने आमचं पहिलं नाटक टाइप केलं. टाइपरायटरवर, कार्बन घालून. आम्ही तिला प्रयोगाचा पास दिला. शेवटच्या प्रवेशात मी गिरणीचा म्हातारा पहारेकरी होतो. मुलगा गेल्याची बातमी येते आणि पहारेकरी काही बोलत नाही, नुसता उभा राहतो. ती शांतता मी महिनाभर तालमीत घासून लखलखीत केली होती. नेमक्या त्या क्षणी विंगेत बाबुरावांनी, आमच्या तेव्हाच्या प्रॉम्प्टरनी, पान उलटलं. खर्रर्र! तिसऱ्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "म्हाताऱ्याचं धोतर फाटलं रे!" अख्खं थिएटर हसलं. प्रेताचं काम मी दोनदा केलं, पण खरा मेलो तो त्या दिवशी.

दुसऱ्या दिवशी सकाळी बकुळा माझ्या दारात उभी. आत ये म्हटलं तरी उंबऱ्यावरच.

"पान तिथे संपलं ही माझी चूक. मला सांगा, पान कुठे उलटायचं?"

असं आम्हाला कुणी कधी विचारलंच नव्हतं. तेव्हापासून तिची पद्धत सुरू झाली. टाइप करण्याआधी ती नाटक तोंडातल्या तोंडात बोलून बघते. कुठे दार वाजतं, कुठे बाहेर बादली आपटते, कुठे दोघं भांडतात, अशा आवाजाच्या जागा शोधते आणि पान बरोबर तिथे संपवते. मग खाली अर्धं पान कोरं राहिलं तरी चालेल. मध्ये आवाज नसेल तर एकाचं लांब बोलणं दोन पानांत कधी तुटत नाही. कागद जाड, म्हणजे करकरत नाही. उजवीकडचा खालचा कोपरा अंगठ्यासाठी रिकामा. स्पर्धेत इतर मंडळांचे लोक विंगेत येऊन आमची प्रत चाळून जायचे. "बकुळाची प्रत" म्हटलं की पुढे काही बोलावं लागत नसे.

पंधरा वर्षांपूर्वी टाइपरायटर गेला, कॉम्प्युटर आला. जुनी नाटकंसुद्धा तिने सवडीने त्यात पुन्हा टाइप केली. एकशे सात नाटकं, प्रत्येकाची पान उलटायची जागा ठरलेली.

गेल्या दिवाळीनंतर तो कॉम्प्युटर मेला. फाइली वाचल्या, मशीन गेलं. नवीन मशीन आलं त्यात ऑफिसचं सॉफ्टवेअर होतं, पण एक महिन्यापुरतं. पडद्यावर वर एक पिवळी पट्टी यायची: इतके दिवस शिल्लक. महिना संपला की फाइल उघडून वाचता येईल, पण एक अक्षर बदलता येणार नाही. बदलायचं तर दर वर्षी पैसे भरा.

आमची हौशी नाट्यस्पर्धा अडीच आठवड्यांवर आली होती. नाटक होतं 'चौथ्या माळ्याचा कठडा'. लेखक रोज वाक्यं बदलत होता आणि बकुळा रोज ती पट्टी बघत होती. एकोणीस दिवस. अठरा. पट्टीवर तिने कागदाची चिकटपट्टी लावली, मग स्वतःच ती सोलून बघायला लागली.

"बघू नकोस ना मग," मी म्हणालो.

"न बघितलं तर दिवस थांबतात का, अण्णा?"

रविवारी धम्मपाल आला. मी गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसून नाटकातल्या दुरुस्त्या वाचत होतो. त्याने मशीन बघितलं आणि हसला.

"आत्या, टेन्शन कशाला घेते? दुसरं ऑफिस टाकतो. फ्री. ओपन सोर्स. वर्षाला भरायचं नाही, पट्टी नाही, काय नाही."

"फुकट?"

"हां, फुकट."

"नको. फुकटचं आपल्या घरात कधी घेतलेलं नाही. तुझा आजोबा संपात उपाशी राहिला, पण कुणाच्या पंगतीला बसला नाही."

"ही पंगत नाही गं. आपल्या चाळीतलं विहार कुणी बांधलं?"

"सगळ्यांनी. आजोबांनी विटा वाहिल्यात, मी पाणी मारलंय."

"मग आत जायला तिकीट लावलंय का?"

बकुळाने ग्लासातला थंड चहा संपवला.

"तसंच आहे हे. जगातल्या लोकांनी आपापली वीट आणून ठेवलीय. कुणीही यावं, बसावं. जमलं तर आपणपण एक वीट लावावी."

"विहार गळायला लागलं की मी सेक्रेटरीच्या दारात जाऊन भांडते. हे गळालं तर कुणाच्या दारात जाऊ?"

"माझ्या."

"तू लग्न करून विरारला जाणार!"

मला हसू आलं. तिला नाही. ती बाहेर जाऊन रस्ता बघून आली. "त्यापेक्षा भरू पैसे वर्षाचे. माझं काम जसंच्या तसं राहील. जुन्या मशीनवर होतंच की तेच. इतकी वर्षं काही त्रास नाही दिला त्याने."

धम्मपाल जरा घुटमळला. "आत्या, एक सांगू? रागावू नको. जुन्या मशीनवर होतं ना, ते लायसनचं नव्हतं. दुरुस्तीवाल्याने कॉपी मारून टाकलेलं."

"मी पैसे दिलेत त्याला."

"त्याला दिले. ज्यांनी बनवलं त्यांना कुठे पोचले?"

बकुळा एवढी स्थिर उभी राहिलेली मी त्याआधी पाहिली नव्हती. पाय पोटरीवर नाही, बोटं टेबलावर नाहीत.

"म्हणजे पंधरा वर्षं मी चोरीचं वापरलं?"

"तुला माहीत नव्हतं गं."

"आणि तुला कळलं कधी?"

"कॉलेजात असताना."

"आणि आज सांगतोस!" तिने त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. मग माझ्याकडे वळली. "फुकटचं घेणार नाही म्हणत होते मी, अण्णा. ऐकलंत ना तुम्ही?"

रंगमंचावर अशा वेळी प्रकाश बदलतो, किंवा कुणीतरी आत येतं. दुकानात तसं काही झालं नाही.

"काढ ते," ती धम्मपालला म्हणाली. "आत्ताच्या आत्ता. तुझ्या विहारातलं टाक."

"अगं, अजून अकरा दिवस आहेत पट्टीवर. स्पर्धा होऊ दे, मग सावकाश करू. आधी दोन्हींत उघडून बघू."

"एक दिवससुद्धा नको. काढ."

इथे चूक झाली. चुकीचं नाव अभिमान, आणि त्या क्षणी मला तो अभिमान फार सुंदर वाटला, म्हणून मीही तोंड उघडलं नाही. दोन दिवसांनी लेखकाचा हात एकदाचा थांबला आणि बकुळाने नव्या सॉफ्टवेअरमधून प्रत छापली. पहिलं पान बघितलं, ठीक. पानं मोजली. आधी बासष्ट होती, आताही बासष्ट. जुन्या टाइपिस्टची तपासणी एवढीच असते. प्रत दोन दिवस माझ्या घरी पडून होती. मी ती चाळली असती तरी कळलं असतं. मी नाही चाळली. बकुळाच्या प्रतीत काय चाळायचं?

स्पर्धेला चार दिवस राहिले तेव्हा लालबागला मंडळाच्या खोलीत रंगीत तालीम होती. नाटकातली आई चाळ सोडायला तयार नाही. दुसऱ्या अंकात ती कठड्याशी उभी राहून गेलेल्या नवऱ्याशी बोलते. मध्ये थांबते, पदराने कठडा पुसते, आणि मग पुढे बोलते. आईचं काम आकांक्षा करत होती. चांगली नटी, पण लांब बोलण्यात हमखास एकदा अडकणारी.

"तुम्ही गेलात तेव्हा या कठड्यावर..." म्हणाली आणि अडकली. डोळे माझ्याकडे.

माझ्यासमोर पान संपलेलं. "कठड्यावर" हा शेवटचा शब्द. पुढचं वाक्य पानामागे. मी घाईने उलटायला गेलो, दोन पानं एकदम आली. मी एक मागे घेतलं, कागद फडफडला, आणि तोवर आकांक्षाने घाबरून तिसऱ्याच वाक्याला हात घातला. रडण्याची जागा निघून गेली.

"अण्णा, कुठे हरवलात?" आमचा दिग्दर्शक अजित ओरडला.

मी प्रत पुढे केली. बकुळा दाराशी उभी होती. रंगीत तालमीला ती येतेच. पुढे आली, प्रत घेतली आणि पानं उलटत गेली. पहिल्या अंकात दोन ओळी सरकलेल्या, मग चार, मग सहा. दुसऱ्या अंकापर्यंत अर्धं पान. एकही जागा जागेवर नव्हती.

"ताई," अजित म्हणाला. मनाने वाईट नाही तो, पण स्पर्धेच्या आठवड्यात दिग्दर्शकाला मन नसतं. "माझ्या ऑफिसात पैसेवालं आहे. फाइल द्या, उद्या डब्याच्या सुट्टीत छापून आणतो. स्पर्धा झाली की मग तुमचं फुकटचं बघू."

बकुळाने प्रत काखेत मारली आणि जिना उतरून गेली.

दुसऱ्या दिवशी मी सकाळीच ठाकूरद्वार गाठलं. धम्मपाल अर्ध्या दिवसाची रजा टाकून आधीच आला होता. दुकानाबाहेर बकुळा येरझारा घालत होती, जिन्यापासून विजेच्या खांबापर्यंत आणि परत.

"गळालं तुझं विहार," ती त्याला म्हणाली.

"बघू तर दे." त्याने फाइल उघडली, कुठलीशी कळ दाबली, आणि पानभर बारीक निळी चिन्हं उभी राहिली. शिवडीच्या चिखलात फ्लेमिंगो उभे असतात, तशी. प्रत्येक पानाच्या खालच्या कोऱ्या जागेत एकाखाली एक, दहा, पंधरा, वीस.

"आत्या, हे काय?"

"काय काय? एन्टर. पान तिथे संपवायचं तर उरलेल्या ओळी ढकलायला नकोत?"

धम्मपालने कपाळाला हात लावला. "टाइपरायटरसारखं? अगं, तू पान तोडत नाहीस, ढकलतेस! अक्षर केसभर मोठं पडलं की खालच्या ओळी सरकणार. इथे तेच झालंय. पान तोडायला दोन कळा आहेत, एकदम दाबायच्या. मग वर काही होऊ दे, पान तिथेच तुटतं."

"दोन्ही सॉफ्टवेअरमध्ये?"

"दोन्हीत."

"हे मला पंधरा वर्षांत कुणी सांगितलं नाही."

"तू कुणाला विचारलंस?"

एन्टरवर उभी एकशे सात नाटकं तिच्या डोळ्यांपुढून जात असावीत. माझ्या तर गेलीच. मग ती हळू म्हणाली, "खरं सांग. वर्षाचे पैसे भरले आणि ते परत घेतलं, तर सगळं पहिल्यासारखं दिसेल?"

मला वाटलं, आता पोरगा आपल्या विहाराची बाजू घेणार. पण तो म्हणाला, "बहुतेक दिसेल. तुला खोटं नाही सांगणार. अक्षराचा तोच जुना फॉन्ट टाकला, तर काही हात न लावता निम्म्याहून जास्त जसंच्या तसं दिसेल."

"आणि हे मशीन मेलं की?"

"पुन्हा सगळं सरकेल, मग देवाचं नाव घ्यायचं."

"आपण देवाचं नाव घेत नाही."

"मग पुन्हा माझं नाव."

तेवढ्यात अजितचा फोन आला. देताय ना फाइल? मला त्याचा आवाज बाहेरपर्यंत ऐकू येत होता. खोटं कशाला बोलू, मला मनातून वाटत होतं, दे बाई. विंगेत मी बसणार आहे, घाम मला फुटणार आहे. दे ती फाइल आणि सुटू दे आपल्याला.

"परवा संध्याकाळी प्रत मिळेल," बकुळा म्हणाली आणि फोन ठेवला.

मग तिने ते काम सुरू केलं. एकेक एन्टर पुसायचा, जागा शोधायची, दोन कळा दाबायच्या. धम्मपाल म्हणाला, सगळे एन्टर एका झटक्यात काढून देतो. ती म्हणाली, "नको. झटक्यात केलेलं आत्ताच बघितलं." दोन दिवस गिऱ्हाइकं परत गेली. मी खुर्चीत बसून सगळ्यांची वाक्यं बोलत होतो, आई, मुलगा, बिल्डरचा माणूस, आणि ती उभ्याने ऐकत होती. "थांबा. इथे बादली वाजते ना? इथे." खट. "पुढे."

परळच्या नाट्यगृहात प्रयोग झाला. दुसऱ्या अंकात आकांक्षा हमखास अडकलीच. "या कठड्यावर..." माझं बोट पुढच्या वाक्यावर होतं. मी ते तिच्याकडे सोडलं, तिने उचललं. कठडा पुसताना बाहेर बादली वाजली, आणि मी पान उलटलं. ते मलाही ऐकू आलं नाही. बक्षिसात आम्ही तिसरे आलो. अजित पेढे घेऊन ठाकूरद्वारला गेला. बकुळाने एक घेतला, अर्धा खाल्ला, अर्धा ठेवला.

गोष्ट इथे संपायला हवी होती. पण उरलेली एकशे सहा नाटकं? मी तिला म्हणालो, जे लागेल ते तेव्हा कर. तिने ऐकलं नाही. "उद्या एखादं मंडळ येईल, मी फाइल काढून देईन आणि कुणीतरी विंगेत तोंडावर पडेल. माझ्या नावावर." तेव्हापासून दर मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी मी दुकानात जातो. ती जुनं नाटक उघडते, मी बोलतो, ती पानं तोडते. धम्मपाल कधी येतो तेव्हा आम्ही त्याला खलनायकाची कामं देतो. तो फार वाईट बोलतो. मध्ये त्याने तिच्याकडून एक काम करून घेतलं. त्या सॉफ्टवेअरमधल्या मराठी सूचनांमध्ये तिला काही शब्द अवघड वाटले होते, ते तिने सोपे करून बनवणाऱ्यांना लिहून पाठवले. "लावली माझी वीट," म्हणाली, आणि लगेच, "घेतली का त्यांनी, बघून सांग."

आतापर्यंत एकवीस नाटकं झाली. मी शहात्तरचा आहे. हिशेब मी करत नाही, ती करते, तो तिच्या हातांच्या घाईत दिसतो.

गेल्या शुक्रवारी सत्त्याण्णव सालचं ते नाटक आलं. पहारेकऱ्याचं.

"यातलं शेवटचं तुम्ही उभं राहून बोला," बकुळा म्हणाली. "बसून तुमची जागा चुकते."

"गुडघे?"

"धरा खांब."

मी जिन्याचा खांब धरून उभा राहिलो. रेशनकार्डाचा अर्ज टाइप करायला आलेली एक बाई खुर्चीत बसली होती, ती पिशवी मांडीवर घेऊन सावरून बसली. मी बोलायला लागलो. वाक्यं अजून होती सगळी, एकसुद्धा हरवलेलं नव्हतं. "फाटकाची किल्ली माझ्याकडे आहे साहेब, पोरगा आत जाईल कसा..." आणि मी थांबलो.

बकुळाची बोटं हवेत. "तुम्ही इथे थांबत नव्हता, अण्णा. अजून दोन वाक्यं पुढे थांबायचात. पोरगा गेला हे कळल्यावर."

"आता इथे दम लागतो गं."

तिने माझ्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे. पुढची दोन वाक्यं तिने स्वतः बोलून टाकली, हळू, सपाट आवाजात, माझ्याहून बरी. मग गप्प राहिली. खुर्चीतल्या बाईने पदर तोंडाशी नेला. जिन्यावर कुणी नव्हतं. त्या शांततेत बकुळाने पान तोडलं नाही. हवालदार दार लोटतो तिथपर्यंत गेली, सात ओळी पुढे, आणि तिथे दोन कळा दाबल्या.

"प्रत नाटकाची आहे," ती म्हणाली, "तुमच्या दमाची नाही. बसा आता. पाणी घ्या."

मी बसायला वळलो तर खुर्चीत ती बाई. तिने उठायला सुरुवात केली, तेवढ्यात बकुळाने पुढची फाइल उघडलीसुद्धा होती.

"बोला, अण्णा. पहिला प्रवेश. कोण येतं आधी?"